अनुस्पंदन की मध्यघटकता?

प्रश्न असा: बेंझीनच्या, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याच्या, दोन्ही रेझोनन्स (अनुस्पंदन) रचनांचं रेणुसूत्र एकच आहे, मग त्यांना समघटक, म्हणजे आयसोमर, म्हणायला काय हरकत?

हरकत आहेच. समघटक हे खरोखर वेगळे रेणू असतात. रेझोनन्स रचना ही एकाच रेणूची कागदावरची अपुरी चित्रं. अणूंची मांडणी बदलली तर आयसोमर. अणू जागच्या जागी आणि फक्त पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधातले सैल इलेक्ट्रॉन, किंवा लोन पेअर, म्हणजे बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, सरकल्या तर रेझोनन्स.

‘बेंझीन दोन रूपांत सतत उड्या मारतं’ हे ऐकून तर कान किटले. रसायनज्ञ केकुलेनं १८७२ साली तसं सुचवलं होतं खरं, कारण १,२ जागी, म्हणजे शेजारच्या दोन कार्बनांवर, दोन गट असलेल्या बेंझीनचे दोन आयसोमर त्याच्या एकाआड एक एकेरी-दुहेरी बंधांच्या सूत्रानुसार निघायला हवे होते आणि मिळत होता एकच. पण कड्यातले कार्बन-कार्बन बंध मोजले तर सहाही सुमारे १३९ पिकोमीटरचे. एकेरी बंध १५४चा, दुहेरी १३४चा. उड्या नाहीत, कायमची मधली स्थिती आहे.

खरा घोळ नावातच आहे. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गनं १९२६ साली हेलियमच्या गणितात जोडलेल्या आंदोलकांचं साम्य वापरलं, तिथून ‘रेझोनन्स’ आला आणि रसायनज्ञ पॉलिंगनं तो रसायनात रुजवला. कंप गणिताच्या उपमेत होता, रेणूत नव्हे. आपल्या परिभाषाकारांनी ‘अनुस्पंदन’ करून तो भ्रम मराठीत पक्का केला. ‘आता रूढ झालाय’ हे त्याचं समर्थन मला मुळीच पटत नाही. याच गोष्टीसाठी रसायनज्ञ इंगोल्डचा ‘मेसोमेरिझम’ हा शब्द समोर होता की! ग्रीक ‘मेसॉस’ म्हणजे मधला, ‘मेरॉस’ म्हणजे भाग. हा मेसॉस आणि आपला ‘मध्य’ एकाच इंडो-युरोपीय मुळाची सख्खी भावंडं. आणि रसायनज्ञ बर्झेलियसनं १८३०च्या सुमारास घडवलेल्या ‘आयसोमर’मध्येही तोच मेरॉस, ज्याचा आपण ‘घटक’ केला. मग समघटकतेशेजारी ‘मध्यघटकता’ सहज बसली असती आणि खरी रचना मधली आहे, हे नावानंच सांगितलं असतं.

दोन रचनांमध्ये काढायच्या बाणांचं तेवढं सांभाळा. ॲसिटोन आणि त्याचा इनॉल (दुहेरी बंधाच्या कार्बनवर OH असलेलं रूप) यांत हायड्रोजन कार्बनवरून ऑक्सिजनवर जातो, म्हणून ते आयसोमर (टॉटोमर, म्हणजे एकमेकांत बदलत राहणारे आयसोमर). मध्ये उलटसुलट दोन बाण. तोच हायड्रोजन प्रोटॉन म्हणून काढून ऋणभारित इनोलेट आयन केला, तर ऋणभार कार्बनवर दाखवा की ऑक्सिजनवर, आयन एकच. मध्ये दोन टोकांचा एक बाण.