तापमान वाढवण्याआधी

जास्त तापमानावर कमी वेळात आयुष्य जोखणाऱ्या चाचण्यांची सुरुवात आपण घन ऑक्साइड इंधन घटाच्या (उच्च तापमानावर इंधनापासून वीज बनवणाऱ्या घटाच्या) इंटरकनेक्टपासून, म्हणजे शेजारचे घट जोडणाऱ्या धातूच्या पट्टीपासून करत आहात, हे योग्यच आहे. या पट्टीच्या फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा (क्रोमियम असलेल्या पोलादाचा) तुकडा भट्टीत ठेवून ठरावीक तासांनी त्याचे वजन करणे अख्खा घट चालवण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

नवख्यांची पहिली चूक घाईची. ४०,००० तासांचे आयुष्य १,००० तासांत जोखायचे म्हणून ८०० अंश सेल्सिअसऐवजी थेट १,००० अंशांवर चाचणी केली जाते. परंतु तेथे झिजण्याची रीतच बदलली, तर ते आकडे खालच्या तापमानाला लागू पडत नाहीत. म्हणून किमान ३ तापमाने घ्यावीत आणि तुकड्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ऑक्साइडचा थर त्याच जातीचा आहे, याची खात्री करावी. वजनवाढ दुप्पट व्हायला चौपट वेळ लागत असेल, तर गाडी रुळावर आहे. वजन घटले तर आनंद मानू नये. बहुधा थराचा पापुद्रा सुटलेला असतो.

दुसरी चूक चाचणी कोरड्या हवेत घेण्याची. दमट हवेत क्रोमियमचे बाष्पीभवन वाढते आणि तेच कॅथोडला (घटाच्या हवेकडील विद्युतअग्राला) बाधते.

थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) तुकड्यालगतच ठेवावे. माझ्या पहिल्या भट्टीचा पडदा ८५० दाखवत होता, तुकड्याजवळ ८३० होते, आणि महिनाभराची मोजमापे वाया गेली.

विद्युतभार आणि तापचक्रे (पुन्हा पुन्हा तापवणे-थंड करणे) तूर्त बाजूला ठेवावीत.