लिहिलेलं कुणाच्या हाती लागलं तर?

समुपदेशनात समलिंगी माणसांना मी मनातलं कागदावर लिहायला सुचवते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मॅडम, ते कुणाच्या हाती लागलं तर?' माजी सैनिकांकडून हाच प्रश्न आणखी दबक्या आवाजात येतो. सैनिक टाकळीसारखं गाव असलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात निवृत्त जवानांची वाण नाही. त्यांच्यातही अशी माणसं आहेत आणि ती कुणाशी बोलत नाहीत. म्हणून हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेले, हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिरोळकडून राजारामपुरीत माझ्याकडे येत होते. झोप लागत नाही, एवढीच तक्रार. बऱ्याच भेटींनंतर एकदा खिडकीकडे बघत म्हणाले, 'पलटणीत एकजण होता. सगळे दोस्त म्हणायचे. माझ्यासाठी तेवढंच नव्हतं.'

'हे आधी कुणाला सांगितलंय?'

'कुणाला सांगणार? नोकरी गेली असती. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.'

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. पण लष्कराचा कायदा वेगळा, आणि जानेवारी 2019 मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी सैन्यात हे चालणार नाही असं जाहीर सांगितलं. अमेरिकेतही 20 सप्टेंबर 2011 पर्यंत सैनिकानं हे उघड केलं तर नोकरी जात असे. निवृत्तीनंतर हुकूम संपतात. लपवायची सवय मात्र घरी सोबत येते.

मी म्हटलं, 'पंधरा मिनिटं लिहा. शुद्धलेखन बघायचं नाही, खोडायचं नाही. झालं की सकाळी बंबात घाला.'

'जाळायचंच तर लिवायचं कशाला?'

'काम लिहितानाच होतं. कागद उरला नाही तरी चालतं.'

घरी जमणार नाही म्हणाले, म्हणून माझ्याच टेबलावर कागद दिला. त्यांनी आधी पट्टीनं समास आखला आणि मग निवृत्तीच्या दिवसाचा चक्क रिपोर्ट लिहिला: पहाटे मिरज जंक्शन, गाडी लेट, सामान एक काळी ट्रंक, एक होल्डॉल. शेवटी 'बाकी सर्व ठीक'.

वाचून मी एवढंच विचारलं, 'युनिटमधून निघताना ट्रंक कुणी उचलली होती?'

'त्यानं.'

'मग पानावर तो कुठं आहे?'

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ट्रंकेवरचं नाव-नंबर त्यानंच रंगवलंय. पांढऱ्या ऑइलपेंटनं. आता तिच्यात घरातल्या गोधड्या असत्यात. रोज रात्री काढतो की मी.'

तिथं मला वाट दिसली. हा माणूस दुःख विसरू शकत नव्हता असं नव्हे; त्या दुःखातल्या माणसालाच त्यानं प्रत्येक हकिकतीतून वगळलं होतं. आम्ही पान पुन्हा लिहायला घेतलं, या वेळी त्याच्यासकट. पुढच्या भेटींत दोस्ताचं लग्न आलं. ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: 'वरातीत मी सगळ्यात जास्त नाचलो, कारण नाचलो नसतो तर सगळ्यांना कळलं असतं.' वाचून झाल्यावर रडले, पाणी प्याले आणि म्हणाले, 'आजवर मला वाटायचं, मी खोटारडा आहे. मी तर भ्यालेला होतो.' इतक्या वर्षांच्या कामात अशा क्षणांसाठीच मी ही खुर्ची धरून आहे.

नुसतं 'मन मोकळं करा' या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढच्या अभ्यासांत दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'असं का झालं' याची उकल वाढत जाते, त्यांना फायदा जास्त. हा परिणाम एकंदरीत माफकच असतो. पण जे तोंडानं बोलताच येत नाही, त्यासाठी मला याहून सोपी सुरुवात माहीत नाही.

तुम्ही करणार असाल तर वहीपेक्षा सुटे कागद घ्या. मोबाइलवर लिहू नका. घरातला कुणीतरी फोन हातात घेतोच. लिहून झाल्यावर तासभर जड वाटेल, ते साहजिक आहे. पण लिहिताना जुना प्रसंग अंगावर येऊन श्वास कोंडला, तर तिथंच थांबा आणि तो भाग एकट्यानं लिहू नका. घरी सांगायचं की नाही, हा वेगळा निर्णय आहे. लिहिलं म्हणजे सांगायलाच हवं असं नाही. आमच्या हवालदारांनी अजून घरी सांगितलेलं नाही, आणि मी त्यांना घाई करत नाही.

समुपदेशकाकडे गेलात आणि त्यानं 'हे बरं करू' म्हटलं, तर उठून या. समलैंगिकता हा आजार नाही, हे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे. उपचारातली माहिती गोपनीय राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे. जीव नकोसा वाटत असेल तर कागद बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.