‘सब’ म्हणजे खालचा नव्हे

देवगडहून एका पालकांनी लिहिलं आहे: ‘माझा मासेमारीचा ट्रॉलर आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) नेव्हीत जायचं म्हणते. शेजारचे काका आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत. ते म्हणतात, आर्मीत पोरं सरळ लेफ्टनंट होतात, नेव्हीत मात्र सब-लेफ्टनंट. म्हणजे एक पायरी खालीच. मग आर्मीच का नको? नाहीतर अग्निवीर होऊन लवकर कमावती तरी होईल. काय करावं?’

दादा, नमस्कार.

काकांना माझा रामराम सांगा, पण या एका बाबतीत ते चुकताहेत. आर्मीचा लेफ्टनंट, एअर फोर्सचा फ्लाइंग ऑफिसर आणि नेव्हीचा सब-लेफ्टनंट हे तिघे एकाच पायरीवर उभे असतात. तिघांचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं आणि मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० रुपये, तोही सारखाच. काकांच्या उमेदीत आर्मीत लेफ्टनंटच्या खाली सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा होता, तो पुढे बंद झाला. गोंधळ बहुधा तिथूनच आलाय. उलट गंमत अशी, की नेव्हीचा लेफ्टनंट आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीचा आणि नेव्हीचा कॅप्टन थेट कर्नलच्या. त्यामुळे नुसत्या नावावरून तुलना करायला गेलात तर दरवेळी फसाल.

आता सब-लेफ्टनंट करतो काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, रात्री जरा पाठ टेकतो तेव्हा सुकाणू कुणाच्या हाती देतो? काल बोटीवर चढलेल्या पोराच्या नक्कीच नाही. जहाजावरही तसंच. खांद्यावर एक सोनेरी पट्टी घेऊन आलेला हा नवा अधिकारी आधी शिकाऊच असतो. नकाशा, दिवे, समोरच्या जहाजाची चाल हे सगळं वरिष्ठाच्या नजरेखाली गिरवायचं, परीक्षा द्यायची आणि वॉचकीपिंग सर्टिफिकेट, म्हणजे पाळीवर एकट्याने जहाज सांभाळायचा परवाना, मिळवायचं. मग मध्यरात्री कॅप्टन झोपलेला असताना शेकडो माणसांचं जहाज त्याच्या भरवशावर चालतं. विशी-बाविशीत एवढी जबाबदारी! साधारण दोन वर्षांत दुसरी पट्टी येते, तो लेफ्टनंट होतो.

आणि इथे ‘तो’च असेल असं नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कोचीला नौदलाची पहिली महिला पायलट झाली ती शिवांगी, हुद्दा सब-लेफ्टनंट. जुलै २०२५ मध्ये लढाऊ विमानांसाठी निवडली गेलेली नौदलातली पहिली महिला आस्था पूनिया, तीही सब-लेफ्टनंटच. ‘पोरीच्या जातीला समुद्र झेपेल का’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर ही दोन नावं सांगा.

वाटेचं बोलू. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० ची, आणि पुढे एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी निवड मंडळाची, मुलाखत पुन्हा ९००. नेव्हीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेच, म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी गणित सोडू देऊ नका. खडकवासल्याला तीन वर्षं, मग केरळात एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीत एक वर्ष. दुसरं दार जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं: त्या गुणांवर एसएसबीचं बोलावणं येतं आणि एळिमलालाच चार वर्षांचं बी.टेक. होतं. त्यासाठी पीसीएमला ७० टक्के लागतात. ती अकरावीत आहे, तर अभ्यास दोन्हींचा एकत्रच होईल. पेपर मराठीत नसतो, आणि आपली कोकणातली हुशार मुलं एसएसबीला अडतात ती ज्ञानाने नाही, चारचौघांत इंग्रजीत तोंड उघडायला लाजतात म्हणून. आजपासून घरात रोज दहा मिनिटं तिला इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लावा. तुम्हाला कळो न कळो, ऐकत बसा.

अग्निवीर वाईट नाही. पण तिथे ती अधिकारी नव्हे, खलाशी म्हणून जाईल, चार वर्षांसाठी, आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम करतात. हातात बारावीचं गणित आणि दोन दारं उघडी असताना मी ते पहिलं धरणार नाही. एनडीए हुकलं तर पदवीनंतर कोस्ट गार्डचा असिस्टंट कमांडंट आहेच, वेतन त्याच पायरीचं. रत्नागिरीला त्यांचं स्टेशन आहे, जाता-येता दाखवा.

एक काम मात्र क्लास लावण्याआधी करा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या, ती रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची. लाल-हिरव्यात गफलत होत असेल तर नेव्हीचं दार बंद होतं, आणि हे पोरांना दोन वर्षं घासल्यावर मेडिकलच्या दिवशी कळतं. बोटींच्या दिव्यांचे रंग तिला लांबून नीट ओळखता येतात का, हे तुम्ही बंदरावरही बघू शकता. तरी तपासणी डॉक्टरांचीच. निकाल काय आला ते कळवा, पुढचं त्यावर ठरवू.