विघटन म्हणण्याआधी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा शांतपणे वाचला. सामाजिक विघटन हा विषय तू घेतलास याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहिल्याच पानावर व्यसनाधीनता, घटस्फोट, बालगुन्हेगारी, आत्महत्या अशी यादी देऊन तू खाली लिहिलं आहेस, "यावरून ही वस्ती विघटित असल्याचे दिसून येते." हे वाक्य काढून टाक.

त्यात तुझा एकट्याचा दोष नाही. पाठ्यपुस्तकांत विघटनाच्या प्रकरणाला लागूनच सामाजिक समस्यांची यादी येते, त्यामुळे समस्या पुष्कळ असल्या म्हणजे विघटन झालं असं डोक्यात बसतं. मग स्पष्टीकरण गोल गोल फिरू लागतं. गुन्हे जास्त का? समाज विघटित आहे म्हणून. समाज विघटित कशावरून? गुन्हे जास्त आहेत यावरून. तोंडी परीक्षेत तुला इथेच धरतील, पण माझी काळजी परीक्षेची नाही. जे सिद्ध केलेलं नाही ते आपण एका वस्तीतल्या सगळ्या माणसांबद्दल लिहून बसतो, आणि पुढे ते कुणाच्या तरी अहवालात आधार म्हणून जातं.

म्हणून आधी मुळाशी जा. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की या समाजशास्त्रज्ञांनी १९१८ ते १९२० या काळात पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी कुटुंबांवर पाच खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या हाताशी मुख्यतः या कुटुंबांची शेकडो खासगी पत्रं होती. पैसे पाठवण्याबद्दलची, लग्न ठरवण्याबद्दलची, बोटीच्या तिकिटाबद्दलची. त्यांतून त्यांनी विघटनाची जी व्याख्या बांधली ती अशी: समूहातल्या व्यक्तींवर असलेला प्रस्थापित वर्तननियमांचा प्रभाव कमी होणं. ही व्याख्या तुझ्या टेबलासमोर लावून ठेव, कारण तुझ्या आराखड्यातल्या बहुतेक अडचणी तिच्याकडे नीट पाहिलं की सुटतात. 'कमी होणं' म्हणजे प्रक्रिया. तेव्हा कुठल्या काळाच्या तुलनेत कमी, हे तुला सांगावंच लागेल. एकाच वर्षाच्या पाहणीवरून ते सांगता येणार नाही. कमी होतो तो नियमांचा प्रभाव. माणसांचा दर्जा खालावतो असं व्याख्या कुठेही म्हणत नाही. आणि त्या दोघांनी हेही बजावलं आहे की थोडंफार विघटन प्रत्येक समाजात, प्रत्येक काळात चालूच असतं, कारण नियम मोडणारे सगळीकडेच असतात. स्थिर काळात समूह नियमांना पुन्हा पुन्हा बळ देत राहतो, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही.

व्यक्तीचं विघटन आणि समाजाचं विघटन यांची जोडी बरोबरीने चालते असंही त्यांनी मानलं नाही. नियम ढिले पडलेल्या समूहातला माणूस स्वतःचं आयुष्य उत्तम उभं करू शकतो. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात तू व्यसनी व्यक्तींच्या मुलाखतींवरून थेट वस्तीबद्दल निष्कर्ष काढणार आहेस, तिथे हे आठव.

त्यांच्या मांडणीचा दुसरा अर्धा भाग बहुतेक अभ्यासक्रमांत जवळजवळ गळून पडतो, तो म्हणजे पुनर्संघटन. जुने नियम सैल होत असतानाच लोक बदललेल्या परिस्थितीला जुळतील अशा नव्या रीती आणि नव्या संस्था उभ्या करतात. अमेरिकेतल्या पोलिश लोकांनी चर्चभोवतीचं सामुदायिक जीवन आणि परस्पर साहाय्य संस्था उभ्या केल्या. त्या जुन्या गावाची नक्कल नव्हत्या आणि भोवतालच्या अमेरिकन समाजाचीही नव्हत्या. फक्त तुटलेलं मोजणारा अभ्यास हे पाहूच शकत नाही. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचं खरं यश यावर ठरेल.

आता शिकागोकडे येऊ. तिथल्या बालगुन्हेगारीचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांचा उल्लेख तू एका ओळीत उरकला आहेस. तिथे थांबायला हवं, कारण या सिद्धांताचं सगळ्यात मानवी आणि सगळ्यात धाडसी विधान त्यांच्या नकाशांत आहे. बालन्यायालयात आणलेल्या मुलांचे घरचे पत्ते त्यांनी शहराच्या नकाशावर मांडले. एकाच वर्षाचे नव्हे, १९०० पासून तीन दशकांत पसरलेल्या वेगवेगळ्या कालखंडांचे. शहराच्या मध्याला लागून असलेल्या, कारखाने आणि व्यापार ज्यांच्यावर सरकत येत होते अशा संक्रमण पट्ट्यात बालगुन्हेगारीचा दर सर्वाधिक होता आणि बाहेर जाताना तो उतरत होता. ही झाली अर्धी गोष्ट. या काळात त्या पट्ट्यातले रहिवासी बदलत राहिले. आधी जर्मन, आयरिश, स्कँडिनेव्हियन, मग पोलिश आणि इटालियन, पुढे कृष्णवर्णीय. माणसं बदलली तरी तिथला दर चढाच राहिला. आणि जे समूह तिथून बाहेरच्या भागांत गेले, त्यांच्या मुलांमधला दर खाली आला.

हा निष्कर्ष १९४२ साली ग्रंथरूपाने आला. गुन्हेगारी विशिष्ट वंशाच्या रक्तात असते असं विद्वान मंडळीही उघड म्हणत होती, तो हा काळ. शॉ आणि मॅके यांनी दाखवून दिलं की दोष रक्ताचा असता तर तो माणसांबरोबर दुसरीकडे गेला असता. तो जागेपाशी राहिला, म्हणजे त्या जागेच्या परिस्थितीत काहीतरी आहे. गरिबी, सतत बदलणारी वस्ती आणि वेगवेगळ्या भाषा-रीतींचे लोक एकत्र आल्यामुळे न जुळलेली सामायिक भूमिका, या तीन गोष्टींकडे त्यांनी बोट दाखवलं. हा सिद्धांत मुळात माणसांवरचा आरोप मागे घेण्यासाठी जन्मला, आणि आज तोच घेऊन आपण एखाद्या वस्तीला नावं ठेवली तर त्या कामाशी आपण बेइमानी करतो.

तरी त्यांच्यात एक मोठी फट होती. गरिबी आणि स्थलांतर एका टोकाला, गुन्ह्यांचा दर दुसऱ्या टोकाला. मधे नेमकं काय घडतं ते त्यांनी मोजलंच नव्हतं. रॉबर्ट सॅम्पसन आणि बायरन ग्रोव्ह्ज यांनी १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या २३८ परिसरांची माहिती घेऊन ती मधली कडी तपासली: लोकांचे मैत्रीसंबंध किती, किशोरवयीन मुलांच्या टोळक्यांवर कुणाचं लक्ष आहे का, स्थानिक संस्थांत सहभाग किती. पुढे १९९७ मध्ये सॅम्पसन, राउडेनबुश आणि अर्ल्स यांनी शिकागोच्या ३४३ परिसरांतल्या ८,७८२ रहिवाशांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा बुडवून मुलं कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी काही करतील का? घरासमोर मारामारी झाली तर? जवळचं अग्निशमन केंद्र बंद होणार असेल तर लोक एकत्र येतील का? परस्परांवरचा विश्वास आणि मधे पडण्याची ही तयारी मिळून जे बनतं त्याला त्यांनी सामूहिक परिणामकारकता म्हटलं. ती जिथे जास्त होती तिथे हिंसाचार कमी होता, गरिबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही. तुझ्या प्रश्नावलीत सगळे प्रश्न 'तुम्ही काय करता' असे आहेत. 'इथले लोक काय करतील असं तुम्हाला वाटतं' हा प्रश्न त्यात हवाच.

पण दाट संबंध म्हणजे चांगलं नियंत्रण, असंही धरून चालू नकोस. मेरी पॅटिलो यांनी १९९८ मध्ये शिकागोतल्याच एका कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्तीबद्दल दाखवलं की जवळच्या नात्यागोत्यांमुळे मुलांवर लक्ष राहतं, आणि त्याच नात्यांमुळे टोळीतला मुलगाही 'आपलाच' म्हणून सांभाळून घेतला जातो.

विल्यम फूट व्हाइट यांचं काम वाचल्याशिवाय क्षेत्रकामाला निघू नकोस. बॉस्टनमधल्या इटालियन झोपडवस्तीत ते काही वर्षं राहिले आणि १९४३ मध्ये त्यांनी लिहिलं की बाहेरून विस्कळीत दिसणाऱ्या या वस्तीत नाक्यावरच्या पोरांचीसुद्धा काटेकोर रचना आहे: कोण पुढारी, कोणी कुणाला मदत करायची, कुणाचा शब्द चालतो. अडचण संघटन नसण्याची नव्हती. त्या संघटनाचा भोवतालच्या समाजरचनेशी सांधा जुळत नव्हता. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी अमेरिकन पाठ्यपुस्तकांच्या लेखकांना खडसावलं, की छोट्या गावातल्या मध्यमवर्गाची राहणी हेच तुम्ही आरोग्याचं माप धरता आणि तिच्याहून वेगळं ते सगळं रोगट ठरवता. तुझ्या आराखड्यात 'संस्कारांचा अभाव' असा शब्दप्रयोग चार ठिकाणी आला आहे. कुणाचे संस्कार, हे प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचार.

आकडेवारीबद्दल थोडक्यात. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेची जनगणना घेऊन दाखवलं, की राज्यांच्या पातळीवर परदेशी जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे ०.५३ येतो, म्हणजे एक वाढलं की दुसरं घटताना दिसतं, आणि व्यक्तींच्या पातळीवर तोच उलटून अधिक ०.१२ होतो, म्हणजे दोन्ही किंचित एकत्र वाढतात. स्थलांतरित माणसं जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिली होती, इतकंच. परिसराच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल बोलू नये ते यासाठी. शिवाय न्यायालयाच्या नोंदींत पोलिसांची नजर कुठे जास्त असते तेही मोजलं जातं.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. वस्ती वस्तीतूनच ढासळते असं समजू नकोस. शॉ-मॅके यांच्या पिढीने शहराची वाढ जवळजवळ निसर्गक्रमासारखी मांडली. पण कुठे कर्ज द्यायचं नाही, कुठली घरं पाडायची, कुठे रस्ता काढायचा, हे कुणीतरी बसून ठरवतं. डिना रोझ आणि टॉड क्लिअर यांनी १९९८ मध्ये तर असंही मांडलं, की एकाच परिसरातून मोठ्या संख्येने माणसं तुरुंगात नेली तर कुटुंबं आणि शेजार विस्कटतात आणि अनौपचारिक नियंत्रण आणखी कमजोर होतं. म्हणजे बंदोबस्तातूनच विघटन. तुझ्या आराखड्यात वस्तीतल्या लोकांची मुलाखत आहे, पण वस्तीबद्दल निर्णय घेणाऱ्या एकाही माणसाची नाही.

आता कामाचं. दुसरं प्रकरण पुन्हा लिही आणि त्यात एकच नियम निवड, उदाहरणार्थ शेजाऱ्याच्या मुलाला रागावण्याचा मोठ्यांचा हक्क. तो पूर्वी कितपत चालत होता, आज कितपत चालतो, बदल कशाने झाला आणि त्याच्या जागी दुसरं काय आलं, एवढंच शोध. वयस्कर रहिवाशांशी बोलताना 'पूर्वी सगळं चांगलं होतं' असं ऐकू येईल, तेव्हा प्रसंग विचार, मत नको. प्रश्नावली छापायला टाकण्याआधी मला पाठव. पहिल्या पानाचं आपण शेवटी बघू.

तुझे सर