जावात गोटू (कोडमध्ये थेट दुसऱ्या जागी उडी मारायची आज्ञा) चालतच नाही, मग व्हेरिएबलला ते नाव का देता येत नाही? आणि सगळे कीवर्ड पाठ करायचे का?

पाठबिठ काही करू नका, कीवर्ड म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द, जावा १७ मध्ये ते ५१ आहेत आणि एडिटर रंग बदलून दाखवतोच. गोटूचं म्हणाल तर मलाही शिकताना हाच प्रश्न पडला होता आणि "रिझर्व्ह्ड आहे म्हणून" एवढ्यावर माझी बोळवण झाली होती.

झालं असं की सी, सी प्लस प्लसवाल्यांचा हात सवयीने गोटू आणि कॉन्स्टवर (न बदलणाऱ्या किमतीसाठीचा शब्द) जाणार, आणि ते साधं नाव धरलं असतं तर कंपायलरने भलतंच काहीतरी चुकलंय म्हणून सांगितलं असतं, शब्द राखून ठेवला की तो बरोबर तिथेच बोट ठेवू शकतो. गंमत म्हणजे कंपाइल झालेल्या बाइटकोडमध्ये (जावाचं व्हर्च्युअल मशीन चालवतं त्या सूचनांमध्ये) गोटू असतो बरं का! तुमचा व्हाइल लूप त्याच्याच जोरावर फिरतो, फक्त आपल्याला लिहायची परवानगी नाही.

बाकी नियम सोपा आहे. 'इंट क्लास = 5;' लिहिलं की कंपायलर इंटनंतर नावाची वाट बघत असतो, समोर येतो कीवर्ड, अडला. पहिला सी कॅपिटल करा, चालेल (करू नका पण). म्हणून तर लोक शेवटचे दोन एस काढून दोन झेड लावतात, जुन्या कोडमध्ये ते विचित्र स्पेलिंग दिसलं तर टायपो समजून सुधारत बसू नका, मी बसलो होतो. आणि स्ट्रिंग कीवर्ड नाहीये हां, तो साधा क्लास. ट्रू, फॉल्स, नल हेही कीवर्ड नाहीत, लिटरल म्हणजे कोडमध्ये थेट लिहिलेल्या किमती आहेत, पण नाव म्हणून तेही चालत नाहीत. परीक्षेत हमखास इथेच मार्क जातात.

खरी डोकेदुखी नवीन कीवर्ड येतो तेव्हा. २००४ ला जावा ५ मध्ये ईनम (ठरावीक किमतींची यादी बनवायचा कीवर्ड) आला, आणि त्याआधी एन्युमरेशनच्या (यादीतले घटक एकेक करून देणारा जुना प्रकार) व्हेरिएबलला लोक सर्रास ईनमच नाव द्यायचे. मी एक तसला जुना प्रोजेक्ट नव्या व्हर्जनवर नेला तर स्क्रीनभर एरर, आणि दिवसभर नुसतं नावं बदलत बसलो. २०१८ ला जावा १० मध्ये व्हार (व्हेरिएबलचा प्रकार कंपायलरलाच ओळखू देणारा शब्द) आणताना मात्र त्यांनी तो पूर्ण कीवर्ड केलाच नाही, क्लासला ते नाव देता येत नाही पण 'इंट व्हार = 5;' आजही बिनतक्रार कंपाइल होतं, करून बघा.