इस्रायलचे अरब नागरिक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: इस्रायलमधल्या अरबांना मतदानाचा हक्क आहे, संसदेत त्यांचे खासदार आहेत. मग स्वयंनिर्णय नाकारला अशी तक्रार का?

उत्तर: मत नागरिकाचं असतं, स्वयंनिर्णय (आपलं राजकीय भवितव्य आपण ठरवणं) समूहाचा. ब्रिटनचा १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा काढून वाचा, मूळ इंग्रजी मजकूर जेमतेम ६७ शब्दांचा आहे. ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय वसतिस्थान’. तेव्हा तिथे बहुसंख्य असलेल्या अरबांचं मात्र नावसुद्धा नाही. ‘ज्यूंव्यतिरिक्तचे समाज’ म्हणून त्यांचे नागरी आणि धार्मिक हक्क राखले आहेत. ‘राजकीय’ हा शब्द मजकुरात आहे, पण तो इतर देशांतल्या ज्यूंच्या दर्जाबद्दल!

२०१८ च्या राष्ट्र-राज्य कायद्याने (६२ विरुद्ध ५५) तीच रेघ गडद केली: राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा. अरबी अधिकृत भाषा होती, तिला ‘विशेष दर्जा’ उरला. त्याच कलमात पुढे असंही आहे की अरबीच्या आधीच्या दर्जाला धक्का लागणार नाही. म्हणजे व्यवहार चालू, मान गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायदा १० विरुद्ध १ असा उचलून धरला. विरोधातले एकटे न्यायमूर्ती जॉर्ज करा, तेव्हाचे तिथले एकमेव अरब न्यायाधीश. द्रूझ, म्हणजे अरबी बोलणारा एक वेगळा धार्मिक समाज, तर फारच दुखावला. त्यांचे पुरुष १९५६ पासून सक्तीने लष्करात जातात.

प्रश्न: लोकसंख्येत पाचवा हिस्सा, मग १२० पैकी २४ जागा का मिळत नाहीत?

उत्तर: त्या पाचव्या हिश्श्यात पूर्व जेरुसलेमचे रहिवासी धरलेले असतात, त्यातले बहुतेक नागरिक नाहीत, म्हणून संसदेसाठी मतदार नाहीत. शिवाय अरब समाजात सरासरी वय कमी, म्हणून मतदार थोडे, आणि मतदानाचा टक्काही कमी. खरी मेख ३.२५ टक्क्यांच्या किमान मर्यादेत आहे: त्याहून कमी मतं मिळालेल्या पक्षाला एकही जागा नाही. २०१४ मध्ये ती वाढल्यावर चार अरब पक्ष एकत्र आले: २०१५ ला १३ जागा, मार्च २०२० ला १५. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीआधी फूट पडली आणि त्यांतला बलद पक्ष सुमारे २.९ टक्क्यांवर अडकला. तेवढी सगळी मतं पाण्यात. उलट २०२१ मध्ये मन्सूर अब्बास यांच्या ‘रआम’ या अरब पक्षाने अवघ्या ४ जागांवर सत्तेत वाटा मिळवला, कारण सरकारच ६० विरुद्ध ५९ अशा मतांनी तरलं होतं.

प्रश्न: अमेरिकेच्या शस्त्रांवरच इस्रायल उभा राहिला ना?

उत्तर: १९४८ मध्ये नाही. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी ११ मिनिटांत मान्यता दिली खरी, पण अमेरिकेची शस्त्रबंदी लागू होती. रायफली आणि विमानं आली ती चेकोस्लोव्हाकियातून, मॉस्कोच्या संमतीने. आजची मदत २०१६ च्या कराराची: २०१९ ते २०२८ या दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर, त्यात वर्षाला ५० कोटी क्षेपणास्त्र-संरक्षणासाठी. पॅलेस्टिनींच्या पाठीराख्यांनी तरी काय केलं? पश्चिम किनारा जॉर्डनने १९५० मध्ये स्वतःला जोडून घेतला, गाझा इजिप्तने ताब्यात ठेवला.

प्रश्न: आपले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, यात कुठे बसतात?

उत्तर: कायद्याने बहुसंख्याकांत, पण तेही झगडल्यावर. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्याने दार उघडलं. १९६२ मध्ये मात्र रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) लग्नासाठी त्यांची वंशावळ तपासायला लावली. धरणं धरल्यावर १९६४ मध्ये सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हटलं. त्यांची एक वस्ती इस्रायलमधल्या लोद शहरात आहे. त्याच शहरातून जुलै १९४८ मध्ये हजारो अरबांना घालवून दिलं होतं, आणि परतीचा कायदा त्यांच्या मुलांना लागू नाही.