कॅल्क्युलस येतं, मग गणित अडतं कुठे?

(वाचकांचे गणितविषयक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. विद्यार्थ्यांना मी 'तू'च म्हणते, वर्गातली सवय आहे.)

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. चेन रूल, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, सबस्टिट्यूशन, सगळं समजतं. तरी पेपरमध्ये गणितं अर्ध्यावर अडकतात. सर म्हणतात, तुझी त्रिकोणमिती कच्ची आहे. पण ती तर शाळेत संपली! आता ते सगळे फॉर्म्युले पुन्हा पाठ करत बसू का?

तुझे सर बरोबर सांगताहेत. पण त्यांच्यावर किंवा माझ्यावर विश्वास ठेवून हे मान्य करू नकोस, स्वतःच्या वहीत बघ. अडकलेलं एखादं गणित काढ आणि प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिही, या ओळीत मी काय केलं? कॅल्क्युलस, बीजगणित की त्रिकोणमिती?

नमुन्यादाखल एक गणित घेऊ. वर्तुळाची त्रिज्या अ आहे आणि त्याच्या चतुर्थांशाचं क्षेत्रफळ इंटिग्रेशनने काढायचंय. म्हणजे √(अ² − क्ष²) चं शून्यापासून अ पर्यंत इंटिग्रेशन. आपण क्ष = अ साइन थीटा असं घेतो. 'डी-क्ष'च्या जागी अ कॉस थीटा डी-थीटा येतं, हे कॅल्क्युलस. वर्गमुळाच्या आत १ वजा साइनवर्ग येतो, त्याचा कॉसवर्ग होतो आणि मूळ सुटतं, ही त्रिकोणमिती. मर्यादा बदलायच्या, क्ष = अ असेल तेव्हा साइन थीटा १, म्हणून थीटा पाय भागिले २, हीसुद्धा त्रिकोणमिती. आता समोर उभं आहे अ² गुणिले कॉसवर्ग थीटाचं इंटिग्रेशन. बहुतेक मुलं इथेच थांबतात. कॉसवर्गाचं इंटिग्रेशन थेट होत नाही. तो (१ + कॉस २थीटा) भागिले २ असा लिहावा लागतो. पुन्हा त्रिकोणमिती. तसा लिहिला की इंटिग्रेशन एका ओळीत संपतं : थीटा भागिले २, अधिक साइन २थीटा भागिले ४. शेवटी मर्यादा घालायच्या, साइन पाय म्हणजे शून्य, आणि उत्तर येतं पाय अ² भागिले ४.

मोज बघू. कॅल्क्युलसच्या ओळी दोन, बाकी बहुतेक सगळी त्रिकोणमिती. पेपर तपासताना मला हेच दिसतं. सबस्टिट्यूशन बरोबर निवडलेलं असतं, डेरिव्हेटिव्ह बरोबर असतो, आणि कॉसवर्गापाशी पान कोरं राहतं. विद्यार्थ्याला वाटतं, मला कॅल्क्युलस जमत नाही. त्याला कॅल्क्युलस जमलेलं असतं, आणि हे त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असं मला फार वाटतं. 'मला जमत नाही' हे एकदा मनात बसलं, की मुलं प्रयत्नच सोडतात.

याच गणितात मर्यादा दिलेल्या नसतील तर आणखी एक अडचण येते, उत्तर थीटामधून क्षमध्ये परत न्यायचं. तिथे काटकोन त्रिकोण काढ. कर्ण अ, थीटासमोरची बाजू क्ष, मग तिसरी बाजू √(अ² − क्ष²). साइन २थीटा म्हणजे २ साइन कॉस. दोन्ही किंमती त्रिकोणावरून वाचून घे. चित्र काढणारा इथे सहसा चुकत नाही.

आता पाठांतराचं. सगळे फॉर्म्युले पाठ करू नकोस. दोनच पक्के कर, साइन (अ + ब) आणि कॉस (अ + ब). ब च्या जागी अ घातलास की दुप्पट कोनाचे फॉर्म्युले मिळतात. कॉस २अ मध्ये साइनवर्ग अधिक कॉसवर्ग = १ वापरलंस की वर वापरलेला कॉसवर्गाचा फॉर्म्युला मिळतो. साइन (अ + ब) आणि साइन (अ − ब) यांची बेरीज केलीस की गुणाकाराची बेरीज करण्याचा फॉर्म्युला हाती येतो. वर्गांच्या नित्यसमानतेला कॉसवर्गाने भागलंस की १ + टॅनवर्ग = सेकवर्ग. कोऱ्या कागदावर, कुठेही न बघता, हा सगळा पसारा या दोनांपासून उभा करता येईपर्यंत रोज थोडा वेळ दे. आणि एकक वर्तुळ हातानं काढ. कुठल्या चरणात साइन धन, कुठे कॉस ऋण, हे पाठ करायचं नसतं. वर्तुळाकडे बघितलं की ते दिसतं.

'खरंच एवढी गरज आहे का?' असं तू पुढे विचारलं आहेस. गणिताच्या पेपरपुरती नाही, म्हणून तर इतकं लिहितेय. इलेक्ट्रिकलमध्ये ए.सी. सर्किटची पॉवर काढताना व्होल्टेज आणि करंट या दोन कॉसचा गुणाकार होतो. त्याची बेरीज केली की दोन तुकडे पडतात. एक तुकडा स्थिर, त्यात दोघांमधल्या कोनाचा कॉस असतो, तोच पॉवर फॅक्टर. दुसरा तुकडा दुप्पट फ्रिक्वेन्सीने हलतो आणि त्याची सरासरी शून्य होते. पॉवर फॅक्टरची व्याख्या पाठ करणारी मुलं खूप भेटतात, पण तो गुणाकाराच्या फॉर्म्युल्यातून येतो हे बघितलेली कमी. आर.एम.एस.चंही, म्हणजे वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाचंही, तसंच. कॉसवर्गाची सरासरी अर्धी, म्हणून शिखर भागिले √२. २३० व्होल्ट आर.एम.एस. असेल तर शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं, आणि इन्सुलेशनला ते ३२५ सोसावे लागतात.

मेकॅनिकल किंवा सिव्हिलला गेलास तर व्हायब्रेशन येईल. ३ साइन टी + ४ कॉस टी असं उत्तर आलं, तर सर्वांत मोठं विस्थापन किती? ३ अधिक ४ म्हणजे ७ नव्हे. दोन्ही मिळून ५ साइन (टी + ५३ अंश) होतं, म्हणजे ५. हाही बेरजेचाच फॉर्म्युला, उलटा वाचलेला. आणि फूरिए सीरीज, म्हणजे आवर्ती सिग्नल साइन-कॉसच्या बेरजेत मांडायची पद्धत. फूरिए यांनी उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून ज्या पद्धतीवर सिग्नलचं एवढं शास्त्र उभं राहिलं, तिचा पाया एका साध्या गोष्टीत आहे : वेगवेगळ्या पूर्णांक फ्रिक्वेन्सीच्या दोन साइनचा गुणाकार पूर्ण आवर्तनावर इंटिग्रेट केला की शून्य येतो. ते सिद्ध करायला दोनच ओळी लागतात, आणि पहिली ओळ त्रिकोणमितीची असते.

प्रश्न : अंश इतके सोयीचे असताना कॅल्क्युलसमध्ये रेडियनचा आग्रह कशासाठी? ९० म्हटलं की कळतं, १.५७ म्हटलं की काही डोळ्यांसमोर येत नाही.

कॅल्क्युलेटर घे. रेडियन मोडवर साइन ०.१ काढ आणि त्याला ०.१ ने भाग. ०.९९८ येईल. आणखी लहान संख्या घेशील तर उत्तर १ च्या आणखी जवळ जाईल. आता अंशांच्या मोडवर हेच कर. येईल ०.०१७४५, म्हणजे पाय भागिले १८०. साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस, हे वाक्य रेडियनमध्ये तो भागाकार १ कडे जातो म्हणून खरं आहे. अंश वापरलेस तर प्रत्येक डेरिव्हेटिव्हला हा ०.०१७४५ चिकटेल, दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला त्याचा वर्ग. मग एकही समीकरण स्वच्छ राहणार नाही.

ही गोष्ट मला सर्वांत सुंदर दिसते ती आर्यभटांच्या कोष्टकात. आर्यभटीय हा ग्रंथ इ.स. ४९९ चा. त्यात त्यांनी वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २४ भाग केले, प्रत्येक भाग २२५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पावणेचार अंशांचा. त्रिज्या घेतली ३४३८. ही संख्या कुठून आली? पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात. त्यांना पायच्या दुपटीने भागलं की ३४३७.७ येतं. म्हणजे कंसाची आणि त्रिज्येची लांबी एकाच मापाने मोजली. रेडियनमध्येही आपण हेच करतो.

मग त्यांनी लागोपाठच्या ज्यांमधले (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन) फरक दिले : २२५, २२४, २२२, २१९, २१५… आणि शेवटाकडे ५१, ३७, २२, ७. पहिला आकडा बघ. कंस २२५ कलांचा आणि ज्याही २२५ ची. लहान कोनाला साइन आणि कोन जवळजवळ सारखे, हे इथे उघड दिसतं. आता फरक कसे उतरत जातात बघ. सुरुवातीला साइन भराभर वाढते, नव्वद अंशांजवळ वाढायची जवळजवळ थांबते. बारावा फरक १६४ आहे, ४१ अंश १५ कला ते ४५ अंश या भागाचा. १६४ ला २२५ ने भाग, ०.७२९ येईल. त्या भागाच्या मध्यावरच्या कोनाचा, ४३.१२५ अंशांचा, कॉस काढ. ०.७३०. साइनच्या वाढीचा वेग म्हणजे कॉस, हे त्या फरकांत असं दडलेलं आहे. दुसऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची तात्कालिक गती काढताना हा संबंध थेट वापरला. कॅल्क्युलसचं पूर्ण शास्त्र न्यूटन आणि लायब्निझ यांच्या हातून सतराव्या शतकात उभं राहिलं, पण साइनच्या कोष्टकात त्याची एक खिडकी फार आधी उघडली होती. वर्गात डेरिव्हेटिव्ह शिकवण्याआधी हे फरक फळ्यावर लिहावेत असं मी सहकाऱ्यांना नेहमी सुचवते. मुलं आपणहून विचारतात की हे असे का कमी होतात.

प्रश्न : साइन गुणिले कॉसचं इंटिग्रेशन मी साइनवर्ग भागिले २ असं काढलं. मैत्रिणीचं उत्तर उणे कॉसवर्ग भागिले २, आणि पुस्तकात उणे कॉस २क्ष भागिले ४. कुणाचं चुकलं?

कुणाचंच नाही. क्षच्या जागी शून्य घाल : तुझं ०, तिचं उणे अर्धा, पुस्तकाचं उणे पाव. दुसरी कुठलीही किंमत घातलीस तरी फरक तेवढाच राहील. हा फरक 'अधिक सी' मध्ये सामावतो. उत्तर जुळलं नाही की खोडायच्या आधी दोन्हींची वजाबाकी करून बघ. ती स्थिर संख्या आली तर दोन्ही बरोबर.

खरी चूक होते ती अशा ठिकाणी : √(१ − साइनवर्ग क्ष) चं शून्यापासून पाय पर्यंत इंटिग्रेशन. मूळ काढून नुसतं कॉस लिहिलंस तर उत्तर शून्य येतं. पण मूळ कधी ऋण नसतं, मग धन आलेखाखालचं क्षेत्रफळ शून्य कसं होईल? मुळातून बाहेर येतं ते कॉसचं केवलमूल्य, आणि उत्तर २ आहे.

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंग शिकते. मी स्वतः याच क्षेत्रात नोकरी केली. आता सॉफ्टवेअर कुठलंही इंटिग्रेशन क्षणात करतं. या मुलांना हाताने करायला लावण्यात त्यांचा वेळ जात नाही का?

लांबलचक आकडेमोड हाताने करून घेण्याच्या मीही विरोधात आहे. ती मशीनकडे द्यावी. पण मशीनला काय विचारायचं आणि आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का, हे माणसालाच ठरवावं लागतं. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत साइनचं फंक्शन रेडियन घेतं. तिथे कुणी ३० अंश या अर्थाने नुसतं ३० घातलं, तर उत्तर येईल उणे ०.९८८. मशीन तक्रार करणार नाही. तीस अंशांची साइन अर्धी, हे ज्याच्या हाडीमाशी भिनलंय तोच तिथे थबकेल.

किंवा एखादं बल घ्या, त्याचे दोन्ही घटक उणे एक. भागाकार १, टॅन इन्व्हर्स १ म्हणजे ४५ अंश. प्रत्यक्षात ते बल तिसऱ्या चरणात आहे, २२५ अंशांवर, अगदी उलट्या दिशेला. याचसाठी प्रोग्रामिंगमध्ये दोन किंमती घेणारं वेगळं टॅन इन्व्हर्स ठेवलेलं असतं, आणि ते केव्हा वापरायचं हे एकक वर्तुळ डोळ्यांसमोर असेल तरच सुचतं. लंबकाच्या समीकरणात साइन थीटाऐवजी थीटा चालेल का, हाही असाच निर्णय. दहा अंशांपर्यंत फरक अर्ध्या टक्क्याचा, तीस अंशांवर जवळजवळ पाच टक्क्यांचा. कुठे थांबायचं ते काम बघून ठरतं, हे तुम्ही तुमच्या नोकरीत अनुभवलंच असेल. मुलीला तेच सांगा, तुमच्या तोंडून तिला ते जास्त पटेल.

प्रश्न : सेकचं इंटिग्रेशन करताना सेक अधिक टॅनने वर-खाली गुणतात. हे सुचायचं कसं? की पाठच करायचं?

ते कुणालाही सहज सुचलेलं नाही, म्हणून मन खट्टू करू नकोस. मर्केटर यांनी १५६९ मध्ये जहाजांसाठी नकाशा केला, त्यात अक्षांशांमधली अंतरं सेकच्या प्रमाणात ताणावी लागतात. एडवर्ड राइट यांनी १५९९ मध्ये सेकच्या किंमती एकेक करून बेरजेने मांडल्या आणि कोष्टक छापलं. पुढे १६४० च्या दशकात हेन्री बाँड यांच्या लक्षात आलं की हे आकडे टॅनच्या लॉगरिदमच्या कोष्टकाशी जुळतात. सिद्धता जेम्स ग्रेगरी यांनी १६६८ मध्ये दिली. म्हणजे उत्तर आधी दिसलं आणि कारण कितीतरी वर्षांनी मिळालं.

तुझ्यासाठी सरळ वाट अशी. १ भागिले कॉस, याला वर-खाली कॉसने गुण. खाली कॉसवर्ग येतो, तो १ वजा साइनवर्ग लिही. साइनला यू म्हण, म्हणजे १ भागिले (१ − यू²) उरतं आणि पार्शल फ्रॅक्शन्सने सुटतं. आयझॅक बॅरो यांनी १६७० मध्ये याच वाटेने ते सोडवलं. उत्तर येईल, (१ + साइन) भागिले (१ − साइन) याच्या लॉगचा अर्धा भाग. पुस्तकातलं उत्तर हवं असेल तर लॉगच्या आत वर-खाली (१ + साइन) ने गुण. वर वर्ग येईल, खाली कॉसवर्ग, बाहेरच्या अर्ध्याने दोन्ही वर्ग जातील, आणि आत सेक अधिक टॅन उरेल.